दुसऱ्याच्या तळहातावरचा वास

४ ऑक्टोबर

पोचले बाई एकदाची लेबनॉनच्या डोंगरातल्या जहलेला! नवऱ्याने लग्नात बायकोला सोनं घालावं. माझ्या वदीहने मला अख्खी प्रयोगशाळा घातली. भट्टीच्या अंगणाला लागून कोरडी, थंड खोली, पांढऱ्या फरश्या, गॅसच्या टाक्यांना स्वतंत्र कोनाडा आणि मधोमध माझं मशीन. वीज गेली तर जनरेटर आधी माझ्या खोलीला लागेल, घराला नंतर, असं त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. मी तर हवेतच होते.

बैरुतला मी दारूचे नमुने तपासायची. वदीह आपल्या घरचा अरक घेऊन यायचा आणि अहवाल न्यायला पुन्हा स्वतःच यायचा. पोस्टाने पाठवते म्हटलं तरी ऐकायचा नाही. मग काय ओळखायचं ते मी ओळखलं.

मशीन म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. सुईने थेंबभर अरक आत सोडायचा. त्याची वाफ होते, ती लांबलचक बारीक नळीतून जाते आणि त्यातलं जे जे उडून जाणारं आहे ते आपापल्या वेळेला बाहेर पडतं. कागदावर एकेक शिखर उमटतं: असिटाल्डिहाइड, मग एथिल असिटेट, मग मेथनॉल, मग आपलं साधं अल्कोहोल. माणसं खोटं बोलतात, शिखरं बोलत नाहीत. या घराण्याने इतकी वर्षं नुसत्या नाकावर धंदा केला, आता परदेशी गिऱ्हाईक कागद मागतं. तो कागद मी देणार. या घरात माझी जागा तीच, आणि ती पहिली जागा असणार!

माझी नणंद लबीबा, वदीहची थोरली बहीण, दारात उभी होती. तिला दिसत नाही. ऐन तरुणपणी दृष्टी गेली, लग्न झालं नाही, माहेरीच राहिली. तिने माझे दोन्ही गाल धरले, केसांचा वास घेतला आणि म्हणाली, "नवरी घाबरलीय थोडी, पण जिद्दीची आहे." सगळे हसले. मीही हसले.

७ ऑक्टोबर

आज भट्टी दाखवली. भट्टी अम्मो नख्ले, म्हणजे नख्लेकाका, बघतात. म्हातारे आहेत, वदीहच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. तांब्याच्या हंड्यात द्राक्षाचा आंबवलेला रस, खाली मंद आच, आणि नळीतून येणारी धार. पहिली धार टाकून द्यायची, तिला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा उग्र दर्प असतो. मधली ठेवायची. शेवटची, ओल्या गोणपाटासारख्या वासाची, पुन्हा हंड्यात. सगळी कला पहिली धार नेमकी कुठे तोडायची यात. लवकर तोडलीत तर घाण आत येते, उशिरा तोडलीत तर चांगला माल मातीत जातो.

ते लबीबा सांगते. धारेखाली तळहात धरते, दोन्ही हात चोळते, नाकाशी नेते आणि "आता" म्हणते. बस्स.

अम्मो नख्लेंनी मला एकच नियम सांगितला. आपल्या तळहातावर हवं तेवढं हुंगा, पण दुसऱ्याच्या तळहातावरून अरकाचा वास कधी घ्यायचा नाही. मी म्हटलं अगदी बरोबर, घाम नि साबण मिसळला की नमुना बिघडतोच. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, बरं, तसं समजा.

१२ ऑक्टोबर

पहिल्या हंड्याचे थोड्या थोड्या अंतराने नमुने घेतले, ओळीने मशीनमध्ये सोडले. एथिल असिटेट कुठे खाली येतं ते शोधून वदीहला ऐटीत कागद दाखवला: धार इथे तोडायला हवी होती.

तो हसून म्हणाला, तिथेच तर तोडली. लबीबाने तिथेच "आता" म्हटलं होतं.

माझी सकाळ गेली, गॅस गेला, आणि तिला एक श्वास पुरला! वदीहने जाऊन तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. कागद टेबलावरच राहिला. मी तो घडी करून खणात ठेवला.

१९ ऑक्टोबर

लिहूनच टाकते: तिच्यामुळे माझा जळफळाट होतो. आंधळ्या बाईचा हेवा करते म्हणून कुणी मला नावं ठेवील तर ठेवो. जेवायला बसलं की सगळी वाफाळती ताटं आधी तिच्या नाकाखालून जातात. ती म्हणते मटणाच्या किब्बेत दालचिनी जास्त झाली, की सासूबाई मान डोलावतात. गिऱ्हाईक आलं की वदीह आधी तिला पुढे करतो: "ही आमच्या घराचं नाक." मला मागाहून: "आणि ही माझी बायको, मशीन चालवते." मशीन चालवते! जणू मी कपडे धुते.

ती मात्र माझ्याशी गोड. फारच गोड. दुपारी पारावर माझ्याशेजारी बसते, ओला हात मांडीवर उताणा टाकते आणि वदीहचं कौतुक सांगते. तो लहानपणी हिच्याशिवाय झोपायचा नाही, आजही काही ठरवायचं तर आधी हिलाच विचारतो. लग्नाचंही विचारलं होतं म्हणे. तुझं नाव त्याने आधी मला सांगितलं, रूला, मग तुला मागणी घातली. आणि हसते. तळहात तसाच उघडा.

२६ ऑक्टोबर

आज पकडणार होते तिला. हंड्याला धार लागली, ती "आता" म्हणाली, मी म्हटलं अजून नाही, मशीनचं ऐका. वदीह मध्ये अडकला. शेवटी माझं ऐकलं. कागदावर नमुना निर्दोष होता. अगदी आदर्श.

मग त्यात बडीशेपेच्या जातीचं यान्सून घालून पुन्हा काढला, पाणी घालून दुधासारखा पांढरा केला आणि जेवणावर सगळ्यांना दिला. वदीहने पेला अर्ध्यावर ठेवला. मीही चाखला आणि मनात कबूल केलं: चव होती, जीव नव्हता. जीव आम्ही मातीत ओतला होता, माझ्या सांगण्यावरून.

लबीबा म्हणाली, होतं कधी कधी, शिकेल पोर. पोर! मी उठून प्रयोगशाळेत गेले आणि दार लावून रडले.

३० ऑक्टोबर

यात काहीतरी लबाडी आहे. आधीपासून हाताला काही चोळून येत असणार, किंवा अम्मो नख्ले खोकून इशारा देत असणार. माणसाचं नाक इतकं काम करूच शकत नाही. हे मी शिकलेय, याच्यावर परीक्षा दिलीय. उद्या उघडं पाडते.

३१ ऑक्टोबर

झालं ते असं. धार सुरू झाली. तिने तळहात धरला, चोळला, नाकाशी नेणार तेवढ्यात मी तिचं मनगट पकडलं आणि सगळ्यांदेखत तिच्या तळहातात नाक खुपसलं. मनात एकच होतं: जे हिचं आहे ते मला हवंय.

काही नव्हतं. साबण नाही, अत्तर नाही. नुसता अरक. आणि त्याखाली गरम, जुना असा काहीतरी वास, बंद पेटीतल्या कपड्यांसारखा.

अम्मो नख्लेंनी छातीवर क्रूस काढला आणि हंड्याखालची आच विझवली, भर धारेत. वदीह खाली बघत होता. लबीबाने मूठ हळूच मिटली. मला वाटलं अपमान झाला म्हणून रडेल. ती हसत होती.

१ नोव्हेंबर

मला वास येतात!

सकाळी जाग आली तीच वासाने. खालच्या स्वयंपाकघरात कॉफीत वेलदोडा पडला तो क्षण कळला. भट्टीत गेले, पिंपं क्रमांक टाकून ठेवलेली, त्यातल्या एकाशी थांबले आणि म्हटलं यात असिटाल्डिहाइड आहे, कच्च्या सफरचंदासारखं. आकडाही सांगितला. मग मशीनवर लावलं. आकडा बरोबर.

वदीहने सगळ्यांसमोर माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, तिच्या नाही! आज मला कुणाचाही हेवा वाटत नाही. किती हलकं वाटतंय.

८ नोव्हेंबर

आठवडाभर धार मीच तोडते. लबीबा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसते, तिला कुणी विचारत नाही. मला जरा जास्तच बरं वाटतं त्याचं.

डोळ्यांवर ताण आलाय. मशीनच्या कागदावरचे बारीक आकडे जरा पुसट दिसतात. चष्मा करून घ्यावा.

आज जेवताना लबीबा म्हणाली, हा निळा रंग तुला खुलतो. मी निळाच सदरा घातला होता. सासूबाईंनी सांगितला असेल.

१५ नोव्हेंबर

कुणीच सांगितला नव्हता. मी विचारलं.

कडेच्या गोष्टी दिसेनाशा झाल्यात. समोर धुकं आहे, पांढरं. अरकात पाणी पडावं तसं, आधी एक धागा, मग सगळा पेला. लगेच मनात आलं: मेथनॉल. ही बाई मला पहिली धार पाजतेय! मेथनॉलने डोळेच जातात, हे मला नाही कळणार तर कुणाला? माझी कॉफी, माझं पाणी, लबनेच्या दह्याचं भांडं, सगळ्याचे नमुने घेतले. तिच्यासमोर घेतले.

१७ नोव्हेंबर

सगळं स्वच्छ. मेथनॉलच्या जागी सपाट रेघ. पुन्हा लावलं, पुन्हा सपाट. माझं रक्तही लावलं.

शिखरं खोटं बोलत नाहीत. मग काय आहे हे?

२२ नोव्हेंबर

बैरुतला डॉक्टरांकडे. त्यांनी खूप बघितलं आणि म्हणाले डोळे उत्तम आहेत, नसा उत्तम आहेत, बाई, तुम्हाला दिसायलाच हवं. नवं लग्न, नवं घर, दगदग असेल. वदीहने त्यांना फी दिली आणि परतीच्या वाटेवर गाडीत त्याला घाम सुटला होता. भीतीचा नव्हता तो. मला आता फरक कळतो. लाज वाटली की माणसाला तसा वास येतो.

घरी आलो तर लबीबा पारावर बसून डाळिंब सोलत होती. एकेक दाणा निवडून. खराब झालेले बाजूला काढत.

२५ नोव्हेंबर

अम्मो नख्लेंना धरलं. आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं.

लबीबाच्या आधी या घराचं नाक तिची आत्या होती, मुंतहा. तीही आंधळी. वडील उठता बसता मुंतहाचं गुणगान करायचे, लबीबा तरणीताठी, डोळस, तिला ते सोसेना. एक दिवस तिने आत्याचा हात ओढला आणि तळहातावरून वास घेतला. हिवाळा संपायच्या आत लबीबा आंधळी झाली. मुंतहा पिकल्या केसांनी, डोळे लख्ख उघडे ठेवून बोटीत बसली आणि ब्राझीलला गेली. पुन्हा पत्र नाही.

नुसता वास घेऊन होत नाही, म्हणाले. मनात हेवा धरून घेतला तरच. म्हणून नियम आहे. मी म्हटलं मग नीट का नाही सांगितलं मला? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू मानलं असतंस? तू साबणाबद्दल बोलत होतीस.

तो उताणा हात. रोज दुपारी, मांडीवर, माझ्या नाकासमोर. आणि ते वदीहचं कौतुक. ती गळ टाकून बसली होती!

२८ नोव्हेंबर

वदीहला विचारलं. तुला ठाऊक होतं?

म्हणाला, बहिणीचं आयुष्य अंधारात गेलं, ती रोज डोळे परत मागायची. मग म्हणाला, घराला नाक लागतंच, रूला.

म्हणून तो अहवाल न्यायला स्वतः यायचा. बैरुतमधली सगळ्यात ईर्ष्याळू मुलगी शोधत होता. आणि मी खुळी, पोस्टाने पाठवते म्हणत होते.

४ डिसेंबर

ओळीखाली पट्टी धरून लिहिते. मोठी अक्षरं. उजेड आणि सावली एवढंच कळतं.

लबीबाला परत द्यायचा प्रयत्न केला. हात ओला करून तिच्या मागे मागे फिरले, घरभर. ती नाकाला रुमाल लावून हसते. तिला हेवा कशाचा वाटणार? माझ्याकडे काय उरलंय? तिच्या रुमालाला कापराचा वास आहे.

११ डिसेंबर

लबीबा गेली. ब्राझीलला, साओ पावलो. जाताना मला मिठी मारली, नाक दाबून. म्हणाली, मी तुला जन्मभर दुवा देईन. आणि हळूच: "धीर धर. कुणीतरी येईलच. येतंच."

तिला विमानाच्या खिडकीतून सगळा डोंगर दिसेल. बर्फ पडलंय म्हणतात. मला त्याचा वास येतो.

२० डिसेंबर

आता काही दिसत नाही. पांढरं. सगळं पांढरं.

गिऱ्हाईक आलं. वदीहने मला पुढे केलं — ही आमच्या घराचं नाक. पहिली जागा. मिळाली.

७ जानेवारी

मशीन चालवायला मुलगी ठेवलीय. पेर्ला. बैरुतहून आली, हसरी. खोली बघून टाळ्या वाजवल्या. जनरेटर आधी प्रयोगशाळेला लागेल असं वदीहने तिलाही सांगितलं. तेच शब्द.

तो तिच्याशी हसतो. तिचे केस — ओल्या सफरचंदाचा वास. तिला कागद दिसतात, बर्फ दिसतं, वदीहचा चेहरा दिसतो. मी जळते. आतून. आधी लबीबावर जळायचे ते काहीच नव्हतं.

१२ जानेवारी

आज मी आकडा आधी सांगितला. तिने मशीनवर लावला. बरोबर आला. तिने पुन्हा लावला. मग पुन्हा. नमुना टेबलावर जोरात ठेवला.

ओळखला मी तो वास. तिच्या अंगाला येतोय. गरम, तिखट. माझाच होता तो —

अम्मो नख्लेंना वदीहने सुटीवर पाठवलंय. तिला नियम कुणी सांगितलेला नाही. मीही नाही सांगणार.

१५ जानेवारी

पारावर तिच्याशेजारी बसते. हात उताणा. वदीहचं कौतुक सांगते. तो म्हणतो, मशीन काय, कुणीही चालवेल, नाक एकच — असं सांगितलं तिला. खोटं. तिचा श्वास अडकला.

लवकरच.

१८ जानेवारी

हंडा लागलाय. डावा तळहात ओला, टेबलावर उघडा. उजव्याने लिहिते, काहीतरी करत राहायला हवं म्हणून. दुपार असावी, मानेवर ऊन आहे.

तिला हाक मारली. म्हटलं ये, बघ यात काय लबाडी आहे ते, तूच ठरव. ती आली. पावलं माझ्या खुर्चीमागे. रागावलीय — हेवा — येतोय वास, भरून येतोय —

ये पोरी. वाक. एक श्वास घे आणि माझे डोळे मला दे. मग तूही थांब कुणासाठी तरी, जशी मी —

वाकली. केस माझ्या खांद्याला लागले. आता —

श्वास तळहातावर येत नाही. उजव्या हातावर येतोय. कागदावर. का थांब —

तिला डोळे आहेत. मी विसरले, तिला डोळे —

ती वाच